येरमाळ्याचं शून्य

१

शांतलिंगनं तिला आधीच सांगितलं होतं. परंडा, कळंब आणि येरमाळा या तिन्ही केंद्रांत संगणक बसवणारा हा माणूस कमी बोलायचा. शेवटच्या दिवशी पाना-पक्कड पिशवीत भरताना तो हर्षालीला म्हणाला, "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम चालू करायच्या आधी एकेका केंद्रावर दिवसभर जाऊन बसा. लोक काम कसं करतेत ते डोळ्यानं बघा."

हर्षालीनं ते हसण्यावारी नेलं. तेव्हा तिला सातवा महिना होता, एसटीचे धक्के नकोत असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याची गरजही वाटली नव्हती. धाराशिवच्या कार्यालयात खुर्चीवर बसून तिला तिन्ही गावांचं सगळं दिसत होतं. तिथं जाऊन आणखी काय दिसणार?

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पोटातली आरोही आता घरभर पळत होती.

'सोबत' ही संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची. पोरं पुण्याला, मुंबईला. इथं आई नाहीतर बाप एकटा. गावातली एखादी बाई रोज त्यांच्या घरी जायची, गोळी घेतली का बघायची, दोन शब्द बोलायची आणि फोनवर तशी नोंद करायची. या बायकांना सगळे सोबतीण म्हणत. नोंदी जवळच्या केंद्रातल्या संगणकात साठत. एखाद्या घरची सलग दोन दिवस नोंद नसेल, तर तिसऱ्या सकाळी ते नाव धाराशिवच्या यादीत लाल अक्षरात येई आणि केंद्रावरची जीप त्या घरी जाई. ती यादी काढणारा प्रोग्रॅम हर्षालीचा.

शनिवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. येरमाळ्याजवळच्या वस्तीवर हरणाबाई नावाची बहात्तर वर्षांची बाई अंगणात पडलेली सापडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले. बुधवारी पहाटेपासून ती तिथंच होती. हाताशी कोंबड्यांना पाणी ठेवायची परात होती म्हणून जीव राहिला.

हर्षालीनं कडेवरच्या आरोहीला खाली ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. हरणाबाईंचं नाव गुरुवारीच लाल व्हायला हवं होतं.

गुरुवारच्या यादीत येरमाळ्यापुढं शून्य होतं. त्याआधी बुधवारीही, आणि शुक्रवारीही शून्य. आज सकाळीही.

२

कार्यालयात रणधीर सर तिची वाटच बघत होते. तिन्ही केंद्रांचा कारभार त्यांच्याकडं. शिस्तीचा माणूस, इस्त्रीची घडी न मोडणारा. त्यांनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं.

हरणाबाईंकडं जाणारी सोबतीण प्रतीक्षा मंगळवारपासून कामावरच नव्हती. न कळवता गायब. सरांचं म्हणणं असं की, तिनं घरी बसून खोट्या नोंदी टाकल्या, म्हणून नाव यादीत आलं नाही. आणि म्हातारी सापडल्यावर केंद्रातल्या कुमारला हाताशी धरून त्या पुसून टाकल्या. कुमार हा येरमाळ्याचा संगणक सांभाळणारा.

हर्षालीनं नोंदी बघितल्या. प्रतीक्षाची शेवटची नोंद सोमवारची होती. मंगळवार ते शनिवार कोरे. पण पुसलं असेल तर कोरंच दिसणार, हे सरांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं.

"सोमवारी चार वाजता बैठक आहे," सर म्हणाले. "तुम्ही एवढंच लिहून द्या, की प्रोग्रॅम बरोबर चालला, नोंदीत फेरफार झालाय. त्यावर पोलिसांत तक्रार जाईल. तिला काढावं तर लागेलच."

"आणि प्रोग्रॅमच चुकला असेल तर?"

सरांनी तिच्याकडं नीट बघितलं. "मग तसं लिहा. पण मग नाव तुमचं जाईल. पोर लहान आहे तुमची, विचार करून लिहा."

ते धमकीच्या सुरात बोलले नव्हते. काळजीनंच बोलले होते, आणि हर्षालीला त्याचीच जास्त भीती वाटली.

३

दुपारभर ती प्रोग्रॅम उलगडत बसली. सासूबाई सिताबाईंनी आरोहीला अंगणात नेलं होतं.

यादी काढायची रीत अशी होती. 'कोणाची नोंद राहिली?' असा तयार लिहून ठेवलेला प्रश्न तिथं नव्हताच. दर सकाळी सहा वाजता प्रोग्रॅम केंद्रांच्या नावांची यादी उघडायचा, एकेक नाव उचलायचा, आणि प्रश्नातल्या मोकळ्या जागेत ते बसवून प्रश्न नव्यानं जुळवायचा. मग तो प्रश्न त्या त्या गावच्या सर्व्हरकडं, म्हणजे केंद्रातल्या संगणकाकडं धाडायचा. प्रश्न चालायचा तिकडं, त्या गावात; धाराशिवला यायचं ते फक्त उत्तर. उद्या वाशीला चौथं केंद्र निघालं तर यादीत एक नाव वाढवायचं, बास. या कसबाचं तिला फार कौतुक होतं.

नाव चुकीचं बसलं होतं का? नाही. जुळवलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा साठवलेला होता, त्यात येरमाळाच लिहिलेलं होतं. येरमाळ्याची लाइन बंद होती का? तीही नाही. उत्तर दोन सेकंदांत आलं होतं, रीतसर, शून्य म्हणून.

मग तिनं गुरुवारची तारीख हातानं लिहून तोच प्रश्न येरमाळ्याला पुन्हा विचारला. सात नावं आली. तिसरं नाव हरणाबाईंचं.

सात. हर्षाली त्या आकड्याकडं बघत राहिली. प्रतीक्षाकडं तीनच घरं होती, या सातांतली बाकीची चार नावं दुसऱ्या सोबतिणींच्या घरांची होती. प्रतीक्षानं खोट्या नोंदी टाकल्या असत्या तर तिची घरं यादीतून गेली असती; बाकीच्यांची का जावीत? आणि एरवी येरमाळ्याची रोज पाच-सहा नावं असतात. कुणी आजारी, कुणी लग्नाला. शून्य कधी येतच नाही.

कधीच नाही?

तिनं दोन वर्षांच्या याद्या खाली ओढल्या. येरमाळ्यापुढं शून्य कुठं कुठं आहे एवढंच शोधलं. या आठवड्यातली सापडली. आणि आणखी चार सापडली, सलग, मागच्या वर्षीच्या चैत्रातली. पौर्णिमेनंतरची.

मागच्या वर्षी कुणी पडलं नव्हतं, म्हणून कुणी बघितलं नव्हतं.

"आई," तिनं अंगणात हाक दिली, "येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा यंदा कधी होती हो?"

"ह्याच मंगळवारी की," सिताबाई म्हणाल्या. "बुधवारी चुना वेचला लोकांनी, देवीसाठी चुनखडीचे खडे. का गं?"

४

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. हरणाबाईंना धाराशिवलाच आणलं होतं. वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर एक तिशीतली बाई बसली होती, मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली, मुलीच्या हाताला सुईची पट्टी. हर्षालीनं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. प्रतीक्षा.

तिनं हर्षालीला ओळखलं आणि उठायची धडपड केली. हर्षाली तिच्याशेजारी बसली. पोरीला काय झालंय, हेच तिनं आधी विचारलं. मंगळवारी पहाटे ताप डोक्यात गेला होता, झटके आले. कळंबच्या दवाखान्यात चार दिवस काढले. यात्रेच्या गर्दीत फोन लागत नव्हता, मग फोनचं चार्जिंगही संपलं.

"हरणाकाकूंचं कुणाला सांगितलं नाहीस?"

प्रतीक्षानं मांडीवरच्या पोरीचं डोकं सावरलं. "खरं सांगू का ताई? म्या म्हणलं, दोन दिस नोंद पडली न्हाय तर नाव लाल होतंयच. जीप जाती. तुमची यादी हाय की."

 हर्षालीची आरोही अशी तापली असती तर तीही याच भरवशावर राहिली असती.

"आत का जात नाहीस?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

हर्षाली एकटीच आत गेली. हरणाबाई डोळे मिटून होत्या, पण जाग्या होत्या. कोण आलंय हे कळल्यावर त्यांनी हळूहळू सांगितलं, तेही कुणाची तक्रार म्हणून नाही. सोमवारीच प्रतीक्षाची पोरगी कणकणलेली होती. प्रतीक्षाला त्यांनीच सांगितलं होतं, उद्या येऊ नको, लेकराला बघ, मी काय पळून जात नाही.

हे प्रतीक्षा बोलली नव्हती. हर्षालीनं बाहेर येऊन तिला विचारलं.

"आन् ते सांगून काय करू?" ती म्हणाली. "म्हातारी हाड मोडून पडलीया आन् म्या तिच्यावरच ढकलू?"

हर्षालीनं ठरवलं. उद्या रविवार. उद्या येरमाळा.

५

सिताबाई म्हणाल्या, पोरीला ठेवून जा. हर्षालीचं मन झालं नाही. कालपासून आरोही नजरेआड झाली की ती तिला हाक मारून जवळ बोलावत होती. ती तिला मांडीवर घेऊन एसटीत बसली.

आधी ती वस्तीवर गेली. हरणाबाईंना पहिल्यांदा बघणारा शेजारी बलभीम ओट्यावर बसला होता. पन्नाशीचा, थोराड अंगाचा. यात्रेत आमराईत त्याचं नारळाचं दुकान लागतं, म्हणून सोमवार ते शनिवार घरातलं कुणी वस्तीवर नव्हतं. बोलता बोलता तो उठला, आतून एक कापडी पिशवी घेऊन आला आणि तिच्यातून गोळ्यांची पुडी काढून हर्षालीपुढं ठेवली.

"ही तिची बीपीची गोळी. केंद्रातून घेतली, म्हणलं घरी जाताना देतो. गिऱ्हाईक सोडून यायला जमलंच न्हाय. बुधवारी आलो असतो तर त्याच दिशी सापडली असती." त्यानं पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आमाला वाटलं, ती बाई रोज येती, बघत असंल."

पुडीवर केंद्राची छापील चिठ्ठी डकवलेली होती. हरणाबाईंचं नाव, गोळीचं नाव, तारीख. हर्षालीनं तारीख दोनदा वाचली. बोटावर मोजली. ती शुक्रवारची होती, यात्रेच्या आधीच्या शुक्रवारची.

"ही गोळी तुम्ही नक्की कधी घेतली?"

"बुधवारी."

"आधीच्या शुक्रवारी नाही?"

"अवो, चुना वेचायला मान्सं लोटल्याली, त्या गर्दीतनं वाट काढत गेलो केंद्रावर. शुक्रवारी तर आमी परंड्याला होतो, भाचीच्या लग्नाला. शंभर मान्सं सांगतील."

हर्षाली चिठ्ठीकडं बघत राहिली. ती हातानं लिहिलेली नव्हती. केंद्रातला संगणक ती छापतो, आणि तारीख कोण घालतं? संगणकच घालतो. बुधवारी त्या संगणकाच्या लेखी शुक्रवार होता. पाच दिवस मागं.

आता तिला कालचा प्रश्न आठवला. तिनं हातानं विचारला तेव्हा तारीख लिहून विचारला होता. रोज सकाळचा प्रश्न तारीख लिहीत नव्हता. तो विचारायचा: आजपर्यंत दोन दिवस कोणाची नोंद नाही? आणि प्रश्न चालायचा येरमाळ्यात. म्हणजे 'आज' कुठला, हे येरमाळ्याचं घड्याळ ठरवायचं.

हरणाबाईंची शेवटची नोंद सोमवारची. सोबतिणीच्या फोनवरून आलेली, त्यामुळं तारीख खरी. पण गुरुवारी सकाळी सहा वाजता येरमाळ्याच्या संगणकाचा दिवस होता शनिवार, तोही मागचा. त्याच्या लेखी सोमवार अजून उजाडायचाच होता. पुढच्या सोमवारची नोंद ज्या बाईच्या नावावर आहे, तिची नोंद राहिली असं तो कसं म्हणेल? त्याच्या लेखी कुणीच राहिलेलं नव्हतं. साऱ्या येरमाळ्यात कुणीच नाही.

शून्य.

तिनं आरोहीला उचललं आणि केंद्राकडं निघाली. घड्याळ आपसूक मागं गेलं होतं, की कुणी नेलं होतं?

६

कुमार शटर उघडं टाकून आत बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा, डोळे तांबारलेले. हर्षालीनं चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती वाचली आणि कसलाही बहाणा केला नाही.

"घड्याळ म्याच मागं घेतलं," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी. आपोआप वेळ लागायचं बंद केलं आन् पाच दिस मागं. काल सांजच्याला नीट केलं."

"का?"

त्यानं सांगितलं ते असं. यात्रेत दोन-चार लाख माणूस येतं, मोबाइलची रेंज मरते. सोबतिणी घरोघरी जातात, नोंदही करतात, पण ती फोनमध्येच अडकून पडते आणि दोन-तीन दिवसांनी केंद्रात पोचते. संगणक एक दिवसाहून जुनी नोंद घेत नाही, परत फेकतो. बाई उन्हातान्हात जाऊन आलेली असते आणि कागदावर गैरहजर. पहिल्या वर्षी दोघी त्याच्यापुढं रडल्या होत्या. मग त्यानं ही युक्ती काढली. संगणकाला वाटलं की अजून मागचाच आठवडा चालू आहे, तर त्याला कुठलीच नोंद जुनी वाटत नाही.

"मागल्या सालीबी केलं. कुणाचं काई बिघडलं न्हाय." त्यानं मान वर केली. "मॅडम, तुमचा प्रश्न माझ्या घड्याळाकडं बघतो, हे मला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. हर्षालीला तरी ते कुठं आठवत होतं? दुसऱ्याच्या संगणकावर प्रश्न चालवायचा आणि दिवस कोणता ते त्यालाच ठरवू द्यायचं, हे लिहिलं होतं तिनंच, आरामात खुर्चीत बसून. एक दिवसाहून जुनी नोंद घ्यायची नाही, हा नियमही तिनंच लिहिला होता. खोट्या नोंदी थांबाव्यात म्हणून रणधीर सरांनी तो करायला सांगितला होता, आणि रेंज नसली तर काय, हे दोघांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

आरोही टेबलाखाली शिरून एक वायर ओढू लागली. कुमारनं वाकून तिच्या हातातून ती अलगद सोडवली आणि तिला खेळायला कोरी चिठ्ठी दिली.

"माझं काय व्हनार?" त्यानं विचारलं. "आन् प्रतीक्षाताईचं?"

उद्या बैठकीत कळेल, एवढंच सांगून हर्षाली निघाली. परतीच्या एसटीत तिला एवढंच कळत होतं की, उद्याच्या कागदावर एकच नाव मागितलंय आणि देता येण्याजोगी नावं तिच्याकडं तीन आहेत: कुमारचं, सरांचं आणि तिचं स्वतःचं. कुमारचं द्यावं, तर तो म्हणेल मी बायांची हजेरी वाचवली, आणि ते खरंच होतं.

७

सोमवारी चारच्या बैठकीत तिनं कागद वाचून दाखवला. पहिलं वाक्य तिच्याबद्दलचं होतं: प्रश्नात तारीख पाठवली नाही, ही चूक माझी. दुसरं वाक्य नियमाबद्दल. कुमारचं घड्याळ तिसऱ्या वाक्यात आलं, कशासाठी मागं घेतलं तेही त्यातच. प्रतीक्षाबद्दल एकच ओळ होती. तिनं खोटी नोंद केलेली नाही. यादीवर भरवसा ठेवला, तसाच आपण सगळ्यांनी ठेवला.

रणधीर सरांनी विचारलं, "पण शून्य आलं तेव्हा तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

हर्षालीनं फोन उघडून त्यांच्यापुढं सरकवला. संस्थेच्या ग्रुपवर शुक्रवारी सकाळी त्यांचाच निरोप होता: येरमाळा केंद्र, सलग तिसऱ्या दिवशी राहिलेली घरं शून्य, हार्दिक अभिनंदन. पुढं फुलं. त्याखाली बेचाळीस जणांचे जोडलेले हात, त्यांत हर्षालीचेही.

सरांनी फोन पालथा ठेवला. मग त्यांनी तयार ठेवलेला तक्रारीचा कागद घेतला, उभा फाडला आणि खिशात घातला. टोपलीत टाकला नाही. हर्षालीचा कागद घेऊन शेवटी एक वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, जुनी नोंद न घेण्याचा नियम मी करायला सांगितला होता, आणि खाली सही केली.

प्रतीक्षा कामावर राहिली. कुमारला ताकीद मिळाली, आणि यात्रेचे पाच दिवस जुन्या नोंदी घ्यायच्या असं ठरलं. हर्षालीनं त्याच संध्याकाळी प्रश्न बदलला. आता तारीख धाराशिवहून प्रश्नात बसूनच जाते, आणि गावच्या सर्व्हरनं उत्तर द्यायच्या आधी त्याला विचारलं जातं, तुझा आजचा दिवस कोणता. तो वेगळा निघाला तर सगळं गाव लाल होतं. परंड्याला आणि कळंबला ती जाऊन एकेक दिवस बसून आली, आरोहीला घेऊन. दोन्हीकडं तिला अशी एकेक गोष्ट दिसली, जी धाराशिवहून दिसत नव्हती.

हरणाबाई अजून काठीवरच चालतात. चालता येईल, पण पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन दिवस परातीतलं पाणी पिताना काय वाटलं, हे त्या कुणाला सांगत नाहीत. हर्षालीनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दर पावलाचा आवाज आला की वाटायचं, आलं कुनीतरी. सगळे यात्रेला चालल्याले असायचे."

म्हणून हे वाचणाऱ्याकडं एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, भावकीत, जुन्या ओळखीत एक माणूस असं असेल, ज्याच्याकडं कुणी ना कुणी जातच असेल असं तुम्ही धरून चाललाय. लेक फोन करत असेल, शेजारी बघत असतील, बाई येत असेल. ते सगळेही तसंच धरून चालले असतील. आज उठून त्या घरी जा. फोन नको, निरोप नको. दार वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत उंबऱ्यावर उभे राहा.